गेलेलं पाणी मोजणारी परात

मी एक जुनी, पत्र्याची परात आहे, मित्रांनो, आणि मला सांभाळणारे काका माझ्याजवळ शेवटचे आले त्या सकाळी माझ्यावरच्या जाळीत एका पाखराचं पीस अडकलं होतं. काकांनी ते काढून कानामागे खोचलं. मग नेहमीसारखं पट्टीने माझ्यातलं पाणी मोजलं. "काल ऊन बरंच प्यायलं गं," असं मलाच म्हणाले आणि पाण्याच्या दाराचं चाक फिरवायला गेले. थोड्या वेळाने त्यांची हाक आली, "आलं का?"

नदीकाठी त्यांची मुलगी उभी होती. चार दिवसांसाठी माहेरी आली होती. ती फोनवर बोलत होती. तिने नुसता हात वर केला. चाक आणि नदी यांच्या मध्ये दगडगोट्यांचा मोठा ढीग आहे. तो हात काकांना दिसणं शक्य नव्हतं. मला दिसला.

आता तुम्हाला वाटेल, परातीचा आणि नदीचा काय संबंध? मला घडवणारा कारागीरही असाच चक्रावला होता. "एवढी मोठी परात! किती माणसांचा स्वयंपाक?" त्याने विचारलं. खाणीचे साहेब म्हणाले, "हिच्यात शिजवायचं काही नाही. पाणी भरून उन्हात ठेवायची." "आणि?" "आणि पाणी किती कमी झालं ते बघायचं." कारागिराने हातोडी खाली ठेवली आणि साहेबांकडे नीट निरखून पाहिलं. पण मला बनवलं मात्र मन लावून. इतक्या वर्षांत मी एकदाही गळले नाही.

मला खडीच्या खाणीवर आणलं. माझं काम काय, ते मला पहिल्यांदा कळलं ते काकांनी आपल्या छोट्या मुलीला समजावलं तेव्हा. "नदी नुसती वरून वाहत नाही, बाळ. काठाच्या खडीतूनही तिचं पाणी हळूहळू चालत असतं. आपण खडी काढतो, म्हणजे त्या पाण्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतो. ते खड्ड्यात उघडं पडतं आणि ऊन त्याला पिऊन टाकतं. नदीपर्यंत ते पोचतच नाही."

"मग नदी काय करते?"

"नदी काय करणार? बारीक होते."

खालच्या वळणावर तर ती तुटायचीच. मासे डबक्यांत अडकून पडायचे. म्हणून एक जुना खड्डा चिकणमातीने आतून लिंपून घेतला, पुराचं पाणी त्यात साठवलं आणि त्याला लोखंडी दार बसवलं. माझ्यातलं पाणी जेवढं खाली जाई, त्यावरून खड्ड्यांमधून किती उडालं याचा हिशेब काका मांडत. तेवढं पाणी ते पाटातून नदीला परत देत. किती गेलं ते मी सांगायचे, गेलेलं भरून काढायचे ते काका.

गाड्यांचे ड्रायव्हर चेष्टा करायचे. "काका, परातीत आज काय मळताय?"

"ऊन मळतोय. थांबता का जेवायला?"

पाट पालापाचोळ्याने तुंबला नाही ना, हे चाकाजवळून कळत नसे. म्हणून काका हाक मारायचे, "आलं का?" छोटी पाटाच्या तोंडाशी एका सपाट दगडावर पाय सोडून बसायची. पायाला पाणी लागलं की किंचाळायची, "आऽऽलं!" पुढे ती मोठी झाली. मग नुसतं "हं" म्हणू लागली, मग मान हलवू लागली, मग तेही नाही. काका हाक मारायचे, जरा थांबायचे आणि गुडघ्यांवर हात टेकत स्वतःच ढीग चढून बघून यायचे. पण म्हणून ती काठावर असताना त्यांनी हाक मारली नाही, असं कधी झालं नाही.

गेल्या वर्षी इथली खडी संपली. गाड्या गेल्या. मुकादम म्हणाले, "काका, आता कशाला रोज उठून येताय?" काका म्हणाले, "खडी संपली. खड्डा कुठे संपलाय?"

जाळीत पीस सापडलं, त्या दिवशी दुपारी काका घरी गेले ते परत आले नाहीत. छातीत कळ आली, असं मुकादम कोणाला तरी सांगत होते. मग माझ्याकडे कोणी आलं नाही. माझ्या कडेला शेवाळ वाळलं, बुडाचा गंज दिसू लागला. मला तो माझाच वाटला नाही. खालच्या वळणावर नदी पुन्हा बारीक होत असणार, आणि मला चालता येत नाही.

एके दिवशी मुलगी काकांची छत्री आणि डबा न्यायला आली. मुकादम हळूच म्हणाले, "ताई, ही परातही आता भंगारात घालतोय."

तिने माझ्यात हात घातला. बोटं जेमतेम भिजली. "पाणी कोण सोडतंय?"

"आता कोण सोडणार? काम बंद झालं ना."

"ऊन बंद झालं का?"

"अगदी त्यांच्यावर गेलात तुम्ही," मुकादम म्हणाले. "माणूस नेमायला सांगतो वर. तोपर्यंत मी फिरवीन चाक. पण मोजायचं कसं, ते मला येत नाही हो."

"मला येतं. शिकवते."

तिने शेवाळ खरवडलं, बादलीने मला खुणेपर्यंत भरलं आणि जाळी नीट बसवली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. मी पत्रा आहे, एक दिवस गंजणारच. पण जिथून काही काढून घ्याल, तिथे किती उणं झालं ते बघायला थांबा, आणि तेवढं परत करा. आणि लांबून कोणी विचारलं, तर उत्तर द्या. पलीकडच्याला तुमचा हात दिसत नसतो.

मुकादम चाकाकडे गेले. ती नदीकाठी त्याच सपाट दगडावर जाऊन उभी राहिली. ढिगापलीकडून हाक आली. काकांची ही हाक त्यांनी मुद्दाम उचलली नसेल, पण चाक फिरवणारा माणूस दुसरं काय विचारणार?

"आलं का?"

पाटातून आधी सुकी पानं आली, मग फेस, मग पाणी. तिच्या चपला भिजल्या तरी ती हलली नाही.

"अहो ताई, आलं का?"

"आलं, बाबा!" ती ओरडली.

ती वाहत्या पाण्याकडे बघत होती, पण मला स्पष्ट ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "दर वेळी आलं होतं, बाबा. मला तुमची हाक ऐकू येत होती."