शेवटच्या शब्दावर ठेवलेले भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. जाड काच, तिच्याभोवती पितळेची कडी आणि खाली तीन पाय, एवढाच माझा देह. माझी गोष्ट लांब नाही, आणि ती सांगायला वेळही फार नाही. आत्ता सकाळचे पावणेनऊ वाजले आहेत. साडेनऊच्या आत ती पुरी झाली पाहिजे.

माझी काच कुठे घासली गेली ते मला ठाऊक नाही. मला आठवतो तो देवळीचा कापसाचा बाजार. प्रभाकरराव तिथे कापूस पारखायचे. चिमूटभर रुई माझ्याखाली धरून तिचे तंतू बघायचे. माझे पाय अशा बेताने केले होते की ते टेकवले की खालचे सारे आपोआप स्वच्छ दिसावे. एवढे लक्षात ठेवा: जिथे मला स्वच्छ दिसते, तिथेच, जरासे मागेपुढे, ऊनही गोळा होते.

दुपारी प्रभाकरराव मला उन्हात धरून बिडी पेटवायचे. गाडीवाले भोवती जमायचे.

"पाहा रे, साहेब बिनकाडीचा जाळ काढून राह्यले!"

तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

पुढे प्रभाकररावांची नजर अधू झाली आणि मी त्यांच्या लेकीकडे, शरयूकडे आले. ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर. त्यानंतर ती नागपुरात स्पॅनिश भाषा शिकत होती. १९५६ साल तिचे शेवटचे वर्ष. एकतीस मेपर्यंत प्रबंध द्यायचा, नाहीतर वर्ष फुकट. तिने विषय निवडला तो अमेरिकेतून समुद्रापार आलेल्या पिकांचा. मका, मिरची, जाम म्हणजे पेरू, सीताफळ. जुने स्पॅनिश पुस्तक त्यांच्याबद्दल काय सांगते आणि आपल्याकडचा शेतकरी काय सांगतो, हे तिला शेजारी शेजारी मांडायचे होते.

पुस्तकाची अक्षरे मुंगीच्या पायांएवढी होती. शरयू माझ्यातून ती मोठ्याने वाचायची. घरात स्वयंपाक करणाऱ्या देवकाबाई दारात थबकायच्या.

"हे ग्वायाबा ग्वायाबा काय लावलं वो, ताई?"

"ग्वायाबा म्हणजे जाम, देवकाबाई."

"मंग जामाले जाम म्हणाले काय होते त्याइले?"

शेतकऱ्यांकडून ऐकलेले ती चिठ्ठ्यांवर लिहून आणायची. सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या कवडूबुवांच्या होत्या. बुवा ऐंशीच्या घरातले. मिरचीच्या सतरा जुन्या जाती त्यांना तोंडपाठ होत्या. कोणती कोणत्या मातीत येते, कोणत्या जातीचे बी कसे राखायचे, सगळे. फेब्रुवारीत त्यांच्या अंगणात मीही शरयूच्या पिशवीत होते. बुवा तिला म्हणाले, "पुरं लिहून घेजो, पोरी. माह्या पोराइले हे ठाव नाई. मी गेलो का हे गेलंच समज."

मार्चमध्ये बुवा गेले. आता ते सारे त्रेचाळीस चिठ्ठ्यांवर होते, आणि आणखी कुठेही नव्हते.

आधी शरयू काम झाले की मला चामड्याच्या पिशवीत ठेवायची. पण एप्रिल लागला आणि तिला घाई झाली. बारीक छपाईत ओळ हरवायची, पुन्हा शोधण्यात वेळ जायचा. म्हणून तिने एक युक्ती काढली. नऊला ती गावांकडे निघाली की ज्या शब्दावर वाचन थांबले त्यावरच मला उभे करून जायची. परत आली की शब्द समोर तयार.

तिचे टेबल पूर्वेच्या खिडकीलगत, जरा दक्षिणेला होते. उन्हाळ्यात सूर्य रोज थोडा उत्तरेकडे सरकतो, म्हणून खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा रोज थोडा दक्षिणेकडे सरकतो. साधारण बोटभर. शरयूला हे ठाऊक होते. भिंगाने कागद जळतो, हेही ती शाळेत शिकली होती. पण या दोन गोष्टी तिच्या मनात वेगवेगळ्या खणांत होत्या. मी मात्र रोज बोटे मोजत होते.

सोळा मेला पट्टा माझ्या कडेला लागला. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी डाग पडला. शरयूने तो नखाने खरवडला आणि ती म्हणाली, "चहाच सांडला वाटतं."

अठराला देवकाबाई नाक वर करून प्रभाकररावांकडे आल्या. "भाऊसाहेब, ताईच्या खोलीत काई जळून राह्यलं का?"

"तुमची डाळ करपली असेल, देवकाबाई. आळ माझ्या लेकीच्या पुस्तकांवर!"

"माही डाळ कधी करपली, सांगा बरं!"

प्रभाकरराव हसले. ज्यांनी माझ्याकडून हजार बिड्या पेटवून घेतल्या, त्यांना त्या वासाची ओळख पटली नाही.

एकोणीस तारखेला शरयू पुस्तक मिटून कवडूबुवांच्या चिठ्ठ्या उतरवायला बसली होती. पहिलीच अर्धी झाली आणि नऊ वाजले. तिने मला त्या गठ्ठ्यावर उभे केले आणि गेली.

साडेनऊला ऊन माझ्यात पूर्ण शिरले. मला पापण्या नाहीत, मित्रांनो. आधी 'मिरची' शब्द तांबूस झाला, मग काळा. मग त्यातून धुराची दोरी वर आली. देवकाबाई धावत आल्या आणि त्यांनी अख्खी घागर ओतली. जे जळले नव्हते, त्याची शाई पाण्याबरोबर वाहून गेली.

शरयू परतली. प्रभाकरराव म्हणाले, "शरू, चूक माझी. मी सांगायला हवं होतं."

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "तेच तर."

बाकीचा प्रबंध तिने बारा दिवसांत पुरा केला आणि वेळेवर दिला. त्यात सतरा पाने कोरी होती. प्रत्येकावर फक्त एक आकडा आणि कवडूबुवांचे नाव. परीक्षकांनी ती काढून टाकायला सांगितली, पण तिने काढली नाहीत. माझ्या पायाला तिने दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली: 'उन्हात ठेवू नये.'

याला तीन वर्षे झाली. शरयूबाई आता तुमच्या शाळेत शिकवतात, मला तिथल्याच कपाटात ठेवतात, आणि वडील आजारी म्हणून आठवडाभर रजेवर आहेत. दोरा कुजून तुटला. चिठ्ठी पिशवीच्या तळाशी पडली आहे. सोमवारी त्यांच्या जागी आलेल्या नव्या नलूबाईंनी कपाट उघडले. "किती सुरेख आहे हे!" म्हणून त्यांनी मला पुसले, लखलखीत केले, आणि कागद उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर ठेवले. हा गठ्ठा तुमच्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा आहे. टेबल पूर्वेच्या खिडकीशी आहे. खोलीला कुलूप आहे.

जुनी वस्तू पुसून चकचकीत करणे म्हणजे तिची काळजी घेणे नव्हे, मित्रांनो. ती काय करू शकते, हे आठवणीत ठेवणे म्हणजे काळजी.

काल साडेनऊला उन्हाचा पट्टा माझ्यापासून एक बोट लांब होता. खिडकीच्या गजांतून तुमचा हात सहज आत येईल. मला आडवे पाडा, माझ्यावर रुमाल टाका, काहीही करा.

नऊ वाजून गेले. टेबलाची कड उजळू लागली आहे.