निफाडची कात्री

दिनकर मूळचा निफाडचा, आणि ही गोष्ट माहीत नसलेला माणूस नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावात सापडणं कठीण होतं. वडिलांची द्राक्षबाग होती. त्या बागेत याने स्वतः किती वेळा कात्री धरली, हे विचारायची सोय नव्हती. बाग भावाने सांभाळली आणि हा इंजिनिअर होऊन कॉम्प्युटर चिपची यंत्रं बनवायला इथे आला. सुपरमार्केटात द्राक्षांच्या डब्यांपुढे उभा राहून अनोळखी डच बायकांना तो मण्यातली साखर समजावून सांगे. त्याची बायको मंजूषा तेवढा वेळ कांद्यांपाशी जाऊन थांबे.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. इथल्या हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, दोघांनाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. मंजूषाने सुया टोचून घेतल्या, नळ्या घालून घेतल्या, आणि तिच्यात काहीही दोष निघाला नाही. दिनकरची एकच साधी तपासणी उरली होती. ती दीड वर्ष उरलेलीच होती.

"आमच्या घराण्यात असलं काही नसतं," तो म्हणे.

सासूबाई दर रविवारी फोनवर सुनेला नवा उपास सांगत. हा शहाणा शेजारी बसून सगळं ऐके आणि तोंडातून ब्र काढत नसे.

शेजारच्या ट्रूसबाईंच्या परसात एक काचघर होतं. त्यांच्या नवऱ्याने अमेरिकेत नोकरीला असताना तिथल्या मस्कडाईन द्राक्षाचे दोन वेल आणून त्यात वाढवले होते. नवरा गेला, वेल राहिले. दोन हजार पाचच्या शरदात बाईंचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं. पुढे वर्षभर त्या युट्रेख्टला मुलीकडे राहणार होत्या. काचघराची किल्ली अर्थातच निफाडच्या तज्ज्ञाकडे आली.

"दोन्ही वेल जपा हं," टॅक्सीत बसता बसता बाई म्हणाल्या. "दोन्ही."

तज्ज्ञ कात्री घेऊन काचघरात शिरला. मंजूषा मागोमाग गेली.

"हे कसलं द्राक्ष!" त्याने नाक मुरडलं. "आपल्या थॉमसन द्राक्षाच्या खोडाची साल कशी पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, ही बघ, गुळगुळीत. वेल जिच्या आधाराने चढतो त्या बाळीला फाटा नाही, एकेरीच गुंडाळते. पान गोल. आणि घड म्हणायचा तर चार मणी, तेही पिकले की एकेक गळून पडणार."

मंजूषाने खाली पडलेला एक काळा मणी उचलून तोंडात टाकला. साल जाडजूड, पण आतला रस इतका गोड की तिने दुसरा उचलला.

"आणि हा दुसरा बघ. याच्याखाली एक मणी नाही. नुसता फुलत असणार आणि जागा खात असणार. वांझ वेल."

तो शब्द त्याने तिच्यासमोर अगदी सहज वापरला. तिच्या तोंडातला मणी कडू झाला.

"त्या दोन्ही जपा म्हणाल्यात, दिनकर."

"म्हातारीला काय कळतंय? आता निफाडच्या माणसाने डच लोकांकडून द्राक्ष शिकायचं?" असं म्हणून त्याने तो वेल बुंध्यापासून छाटला आणि मुळासकट खणून काढला.

पुढच्या उन्हाळ्यात उकाडा असा झाला की फेल्डहोवनची माणसं हिरवळीवर पसरली. उरलेला वेल बारीक बारीक फुलांनी भरला. मग फुलं झडली. एक मणी धरला नाही. दिनकरने भावाला फोन लावले, खतं घातली, खोडाची साल गोल कापून काढली. सुट्टीवरून परतणाऱ्या मित्राकरवी नाशिकहून मणी फुगवण्यासाठी घड बुडवायचं औषधही मागवलं. बुडवायला घड नव्हता, ही एवढीशी अडचण होती.

"या वेलातच खोट आहे," शेवटी त्याने निकाल दिला.

सप्टेंबरात ट्रूसबाई परत आल्या. चाकांच्या वॉकरला टोपली अडकवून त्या काचघरात आल्या, कारण नवऱ्याच्या वाढदिवसाला त्या या द्राक्षांची जेली करत. त्यांनी वेलाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या मातीकडे.

"दुसरा कुठे आहे?"

"तो वांझ होता, काढून टाकला," दिनकर इंग्रजीत ऐटीने म्हणाला. "पण खरी खोट याच्यात निघाली."

बाई वॉकरच्या बैठकीवर मटकन बसल्या.

"तो नर होता," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला, यानला, तो मिळवायला किती वर्षं लागली होती. ही मादी आहे. हिच्यात काही खोट नाही. एकटीला फळ कसं येणार?"

दिनकरचा चेहरा पडला, पण जीभ पडली नाही. "आमच्याकडच्या द्राक्षात असलं काही नसतं," तो म्हणाला.

मंजूषा खळखळून हसली. मग बाईंची रिकामी टोपली तिला दिसली आणि हसू जागच्या जागी आटलं. राग मात्र राहिला, अडीच वर्षांचा साचलेला.

ती ताडताड घरी आली, मागोमाग दिनकर. रविवार होता. फोन वाजला, आणि सासूबाईंनी सोळा सोमवारांचा विषय काढला.

"आई, उपास आता पुरे झाले," मंजूषा म्हणाली. "माझ्यात दोष नाही, डॉक्टरांनी कधीच सांगितलंय. तपासणी तुमच्या मुलाची राहिली आहे. तो घाबरतो. त्यालाच देते, विचारा."

तिने रिसीव्हर दिनकरच्या हातात दिला. पलीकडून आई विचारत होती, "काय रे, खरं का हे?" आणि निफाडच्या तज्ज्ञाने उलट तिलाच विचारलं, यंदा बागेची छाटणी कधी आहे म्हणून.