मधला मायका

स्पष्टच सांगते, मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण तापणारी वस्तू थंड कशी ठेवायची, हे मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी यांच्या शेजारी बसून अँप्लिफायर दुरुस्त केले. सभागृहांचे, शाळांचे, नाटकवाल्यांचे. दुकानाच्या पाटीवर नाव यांचं एकट्याचं होतं, तरी गिऱ्हाईक आत शिरलं की मलाच विचारायचं, "झाला का हो आमचा?" कारण हे गिऱ्हाइकाला उत्तरच द्यायचे नाहीत. दातांत सोल्डरची तार धरून बसलेला माणूस बोलणार तरी कसा?

हे जाऊन तीन वर्षं झाली. दुकान मी सोडलं, पण आमचं कामाचं टेबल घरी आणून बाहेरच्या खोलीत मांडलं. त्यावर करपल्याचे डाग आहेत, एका कोपऱ्यात राळेचा वास अजून मुरलेला आहे. ते बघून माझी नणंद म्हणाली, "वहिनी, हे ध्यान घरात शोभतं का?" मी म्हटलं, "तुझा भाऊ तरी कुठे फार शोभत होता? ठेवलाच ना इतकी वर्षं." तेव्हापासून टेबलाचा विषय ती काढत नाही.

त्याच टेबलावर तिच्या मुलीनं आपला नवा कॉम्प्युटर जोडला. ही माझी भाची, सत्तावीस वर्षांची. लहान असताना दुकानात यायची आणि नको तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसायची, म्हणून यांनी तिचं नाव ठिणगी ठेवलं. दिवसा ती छापखान्यात पुस्तकांची पानं लावते आणि संध्याकाळी गेम खेळते. गेम म्हटलं की मला पत्तेच आठवतात, पण हे प्रकरण निराळं. इकडे पाच जण, तिकडे पाच जण, आणि सगळे आपापल्या घरी बसून एकमेकांवर तुटून पडतात. एका नावाजलेल्या संघात एक जागा रिकामी झाली होती. त्यासाठी पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता चाचणीचा सामना होता, सलग दोन तासांचा.

"मामी, यंदा नाही तर कधीच नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी त्यांना अठरा वर्षांची मुलं मिळतील. मग मला कोण विचारतंय?"

तिचा जुना कॉम्प्युटर दहा मिनिटांत धापा टाकायचा. म्हणून वर्षभर एकेक भाग जमवून तिनं हा नवा जुळवला होता. आईकडे जोडायला बसली असती तर स्क्रूपेक्षा टोमणे जास्त झाले असते, म्हणून खोकी घेऊन माझ्याकडे आली.

सामन्याच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघी टेबलाशी बसलो, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. बारीक स्क्रू बशीत काढून ठेवायचे, वायर ओढायची नाही, बोर्डला कडेनंच धरायचं. माझे हात आपोआप चालत होते. ती समोर बसून पंखे लावत होती, पुढचे दोन हवा आत ओढणारे, मागचा बाहेर टाकणारा. मध्येच ती जीभ बाहेर काढून स्क्रू पिळायची, हुबेहूब यांच्यासारखी. मी तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला रडू आलं असतं आणि कामाचा खोळंबा झाला असता.

मग प्रोसेसरवर कूलर बसवायची वेळ आली. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, वरून धातूचं चौकोनी झाकण. कूलर म्हणजे त्याच्या डोक्यावर बसणारा पंख्याचा आणि पत्र्यांचा ढीग, उष्णता ओढून घेणारा. दोघांच्या मध्ये पेस्ट लावतात. ती ठिणगीनं हातात घेतली आणि म्हणाली, "व्हिडिओत मटाराएवढा ठिपका टाकतात."

"मटार भाजीत टाकायचा. पेस्ट बोटानं पसरायची, पातळ. आण इकडे."

"हे घे. हे काम तुझंच," असं म्हणून तिनं मला नळी दिली. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला आणि ती आतल्या खोलीत गेली. आई म्हटल्यावर पंधरा मिनिटं कुठे गेली नाहीत.

आता इथे मला थोडं मागे जायला हवं. अँप्लिफायरमध्ये मोठे ट्रान्झिस्टर असतात, ते तापतात, म्हणून त्यांना अॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर आवळतात. पण त्या ट्रान्झिस्टरच्या अंगातच करंट असतो. धातूला धातू टेकला की संपलं, फट्ट. म्हणून मध्ये एक पातळ पारदर्शक चकती घालायची, अभ्रकाची. धंद्यात तिला मायका म्हणतात. तिच्यातून उष्णता जाते, करंट जात नाही. ठिणगी पाच वर्षांची असताना हा शब्द ऐकून यांना म्हणाली होती, "माय का? कुणाची माय?" हे इतके हसले की तोंडातली तार खाली पडली. नंतर कित्येक वर्षं मायका हवा असला की हे मला म्हणायचे, "माय दे गं जरा."

मायका कापायचं काम यांचं आणि पेस्ट लावायचं माझं. हे प्रत्येक तुकडा खिडकीकडे धरून बघायचे, केसाएवढा चरा दिसला तरी बाजूला. मी एका बाजूला पेस्ट लावायची, मायका ठेवायचा, वर पुन्हा पेस्ट. एकतीस वर्षं, दिवसाला दहा-बारा वेळा. यांनी कापलेले अकरा तुकडे अजून माझ्याकडे पत्र्याच्या डबीत आहेत. म्हणजे होते. त्यात एक मोठा चौकोन होता, भोकं न पाडलेला, अगदी त्या प्रोसेसरच्या झाकणाएवढा.

मी पेस्ट लावली, तो चौकोन ठेवला, वर पुन्हा पेस्ट लावली, कूलर बसवला आणि चारही स्क्रू आळीपाळीनं, समोरासमोरचे आवळले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची तर मेल्यावरही गेली नाही, माझ्या हातात येऊन बसली.

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा ठिणगीनं मला मिठी मारली. वीस मिनिटांनी तिचा चेहरा उतरला. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसत होतं, पंचाण्णव अंश. तेवढं तापलं की तो स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो म्हणे, आणि खेळ अडखळतो. समोरचा माणूस दिसेपर्यंत त्यानं तुम्हाला मारलेलं असतं.

सोमवारी ती कामावरून थेट आली. पंख्यांची दिशा तपासली. मंगळवारी कॉम्प्युटरच्या डब्याची काचेची बाजू काढून ठेवली, तीन अंश उतरले. कूलरच्या तळाला प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो काढला होता ना, असं मला दोनदा विचारलं. काढला होता, आठवणीनं. बुधवारी सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरला मिळणारी वीजच कमी केली. मग तापमान उतरलं, पण खेळ पहिल्यापेक्षा मंद झाला. मी कूलरच्या पत्र्याला बोट लावून पाहिलं. आमच्याकडे हिशोब सोपा होता, पाच मोजेपर्यंत बोट टिकलं तर माल घरी न्यायला तयार. इथे मी वीस मोजले तरी बोट टिकलं.

"अगं, हा तर कोमट आहे," मी म्हटलं.

"तेच तर कळत नाही ना. प्रोसेसर उकळतोय आणि कूलरपर्यंत उष्णता पोचतच नाहीये."

गुरुवारी ती मोबाइलवर वाचत बसली होती. वाचता वाचता मोठ्यानं म्हणाली, "दोन्ही धातू एकमेकांना घट्ट टेकायला हवेत. पेस्ट फक्त बारीक खाचा भरण्यापुरती. मध्ये दुसरं काहीही असता कामा नये."

"टेकायला? मग करंट?"

"कसला करंट, मामी? त्या झाकणात करंट नसतोच."

माझी नजर पत्र्याच्या डबीकडे गेली. मी हळूच म्हटलं, "मग एकदा कूलर काढून बघू या का?"

"छे, ते तू लावलंयस. तिथे चूक नसणार. बाकी सगळं मी केलंय, म्हणजे चूक माझीच आहे. आई म्हणते तेच खरं, मला एक काम धड जमत नाही."

आणि मी गप्प बसले. आता कुणी मला बोल लावायचा तर लावा. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझी मूठ एकतीस वर्षं झाकलेली. ज्या एका कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, त्याच कामात मी माती खाल्ली होती. आणि दुसरंही होतं. सवयीनं हात डबीकडे गेला खरा, पण तो चौकोन उचलताना मला वाटलं होतं की पोरीच्या कॉम्प्युटरमध्ये मामाच्या हातचं काहीतरी राहील. कूलर उघडला की ते निघणार होतं. मायका एकदा दाबून बसला की सरळ सुटत नाही, त्याचे पापुद्रे होतात.

शुक्रवारी ती आली नाही. मी दिवसभर घरातल्या वस्तूंवर चिडत होते. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. शनिवारी दुपारी ती आली, टेबलाशी बसली आणि मोबाइलवर काहीतरी लिहायला लागली.

"काय लिहितेस?"

"संघाच्या कप्तानाला. उद्या जमणार नाही म्हणून. ऐन सामन्यात अडखळून हसं करून घेण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं."

"पाठवू नकोस," मी म्हटलं. "प्रोसेसरवर मायका आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मामाचा? तू घातलास?"

"सवयीनं. आणि थोडा मुद्दाम. त्यांचं काहीतरी असावं त्यात, असं वाटलं."

"आणि तुला कधी कळलं?"

"गुरुवारी. तू वाचलंस तेव्हा."

ती उठून उभी राहिली. "मामी, दोन दिवस मी स्वतःला मूर्ख म्हणतेय. रात्री झोप नाही मला. आणि तुला माहीत होतं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते मला जास्त लागलं. मी म्हटलं, "हो. लाज वाटली म्हणून बोलले नाही. चुकलं माझं." वयानं तिसाहून जास्त वर्षांनी लहान असलेल्या पोरीला असं म्हणणं सोपं नसतं, पण म्हटल्यावर छातीवरचं ओझं उतरलं हेही खरं.

तिनं चार स्क्रू सोडवले, कूलर हलकेच फिरवून उचलला. मायकाचे तीन पापुद्रे झाले. एक कूलरला चिकटला, एक प्रोसेसरला, एक टेबलावर पडला. तिनं कडा धरून ते एकेक सोडवले आणि कागदावर ठेवले. मग फडक्यानं दोन्ही धातू आरशासारखे पुसले. मी बघत होते. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू.

पुसून झाल्यावर तिनं पेस्टची नळी माझ्यापुढे धरली. "लाव."

"तू लाव. माझा काय भरवसा?"

"मला राग आलाय तुझा, आणि तो उद्यापर्यंत राहणार आहे. पण बोट तुझंच चांगलं आहे. लाव."

मी लावली. पातळ, सगळीकडे सारखी. अर्ध्या तासाच्या खेळानंतर कोपऱ्यात एकाहत्तर दिसत होते, आणि पत्र्याला लावलेलं बोट मी नऊ मोजून काढलं.

रविवारी चार ते सहा मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसले. पडद्यावर कोण कुणाला मारतंय यात मी लक्षच घातलं नाही. मी फक्त तो आकडा बघत होते. एकाहत्तर, बहात्तर, एकदा चौऱ्याहत्तर, तेव्हा मी पदर घट्ट धरला, मग पुन्हा बहात्तर. ठिणगी तोंडासमोरच्या माइकमध्ये न ओरडता, भराभर, ठामपणे काहीतरी सांगत होती आणि चार अनोळखी माणसं तिचं ऐकत होती. सहा वाजता ती मागे टेकली. केस घामानं कपाळाला चिकटले होते. कॉम्प्युटर एकदाही अडखळला नव्हता.

साडेसहाला निरोप आला. घेतलं. पहिला महिना राखीव म्हणून, मग पाचात. तिनं निरोप दोनदा वाचला, मला वाचायला दिला, आणि डोळे पुसत म्हणाली, "मामा असता तर काय म्हणाला असता गं?"

हा प्रश्न मला तीन वर्षं लोक विचारत आलेत. कुणाचं लग्न ठरलं, कुणी घर बांधलं की हाच प्रश्न, आणि मी दर वेळी एकच उत्तर देते, फार खूश झाले असते. ऐकणारे मान हलवतात. भिंतीवरच्या फोटोतले ते शांत, भले गृहस्थ खूश झाले असते, हे सगळ्यांना पटतं. मलाही पटायला लागलं होतं. पण रात्री पडल्यावर यांचा आवाज आठवायला जावं तर काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"तुला काही म्हणायच्या आधी मला झापलं असतं," मी म्हटलं, आणि पुढचं माझ्या तोंडून आपसूक निघालं. "अगं ए शहाणे, मायका कुठे घालायचा नि कुठे नाही, एवढं अजून कळेना होय तुला? ऊठ तिथून, ऊठ. पोरीच्या जिवावर उठलीस का?"

ठिणगी माझ्याकडे बघतच राहिली. "मामी, हा मामाच बोलला."

मलाही ते कळलं होतं. ते नाकातून सुरू होणारं "अगं ए", ते दोनदा "ऊठ", शेवटी प्रश्न विचारून मान फिरवणं. हाच माणूस माझा होता. फोटोतला तो भला गृहस्थ मला कधीच ओळखीचा वाटला नव्हता.

"अजून एकदा म्हण ना," ती म्हणाली.

मी खुर्चीत सरळ बसले, घसा साफ केला, आणि रडत रडत पुन्हा पहिल्यापासून स्वतःला झापायला लागले.