तारेनाबाईंची खुर्ची

मित्रांनो, नाशिकजवळच्या एका अतिथिगृहाच्या मोठ्या दालनात कधी आलात, तर मधोमध एक लांबलचक, जुनं सागवानी टेबल दिसेल. तेच मी. एका पायाला तडा गेला आहे, पण रुबाब अजून शाबूत आहे!

मला देवराम सुतारांनी घडवलं. पिंपळगावचे द्राक्षवाले, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले इंजिनियर, लग्न जुळवायला आलेले व्याही, सगळ्यांच्या बैठका माझ्याभोवती झाल्या. जो तो मला थोपटून म्हणायचा, "काय भक्कम आहे हो!" मग काचेची टेबलं आली आणि माझी रवानगी जिन्याखालच्या अडगळीत झाली. जुने पडदे अंगावर घेऊन तिथे किती काळ काढला, कुणास ठाऊक. फार वाईट वाटायचं.

एके दिवशी अचानक अंगावरून ओलं फडकं फिरलं. अनेक देशांचे प्रतिनिधी येणार होते आणि काचेच्या टेबलाशी एवढी माणसं मावत नव्हती. मिरावा नावाच्या एका लहान देशातलं युद्ध थांबलं होतं, पण तिथली बंदरं, पोलीस, खजिना, सगळं अजून परक्या फौजांच्याच ताब्यात होतं. तो कारभार मिरावाच्या लोकांना परत कसा द्यायचा, हे इथे ठरायचं होतं. अट एकच, एकाही देशाची हरकत उरता कामा नये.

"आधी निवडणूक, मग फौजा जातील," असं एका बाजूचे म्हणत. "आधी फौजा, मग निवडणूक," असं दुसऱ्या बाजूचे. दोन दिवस माझ्यावर नुसत्या मुठी आपटल्या. मिरावाच्या लोकांच्या वतीने आलेल्या तारेनाबाई मात्र भिंतीलगतच्या खुर्चीत गप्प बसून होत्या. कारभार हाती नाही म्हणून टेबलाशी जागा नाही, असा नियम होता म्हणे! या बैठकीत काही ठरलं नसतं, तर त्यांच्या देशाचं घोंगडं तसंच भिजत पडलं असतं.

तिसऱ्या दिवशी चर्चा एवढी रखडली, की जेवण दालनातच मागवावं लागलं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या विमलाबाईंनी माझ्यावर केळीची पानं मांडली. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, ही आपली रीत यजमान अधिकारी संपदाताईंनी पाहुण्यांना आधीच सांगितली होती. त्यामुळे सगळे हात आवरून बसले. पण विमलाबाई काही 'सुरू करा' म्हणेनात.

"संपदाताई, त्या बाईंचं पान कुठं मांडू?"

"मावशी, त्या निरीक्षक आहेत. त्यांना तिकडे भिंतीशीच द्या."

"आसं कसं? ज्यांच्या घरचं बोलणं चाललंय, त्याच पंगतीबाहेर? नाय जमायचं. त्या बसल्याबिगर मी कुणाला जेवा म्हणायची नाय."

संपदाताईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग सर्वांत जोरात मूठ आपटणारे गृहस्थच ओशाळून हसले, उठले आणि त्यांनी शेजारी एक खुर्ची ओढली. तारेनाबाई बसल्या. जेवणं झाली, पानं उचलली गेली, पण त्यांना उठा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मग त्याच बोलल्या. "बंदरं, पोलीस आणि खजिना आधी आमच्याकडे द्या. फौजा छावणीत राहू द्या. निवडणूक आम्ही घेऊ, आणि निकाल लागला की फौजा परत जातील." दोन्ही बाजूंना आपलं थोडं थोडं त्यात दिसलं. घासाघीस संध्याकाळपर्यंत चालली. शेवटी अध्यक्षांनी एकेका देशाला विचारलं. "हरकत नाही," "हरकत नाही," करत पाळी त्या गृहस्थांवर आली. त्यांची मूठ माझ्यावर घट्ट आवळलेली होती. मला धडकीच भरली. पण ती हळूहळू उघडली आणि ते म्हणाले, "हरकत नाही."

परवा तारेनाबाईंचा फोन आला. संपदाताईंनी विमलाबाईंना माझ्याशेजारी बसवून निरोप सांगितला, "मावशी, निवडणूक पार पडली, फौजांची शेवटची तुकडीही काल गेली. त्या म्हणतायत, आता तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचं. वाढणार आम्ही."

विमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला डोळे असते, तर मीही तेच केलं असतं.

मित्रांनो, वर्षातून एकदा माझ्या लाकडावरून तेलाचा हात फिरवा, एवढं मागणं तर आहेच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. कुणाच्या घराचं भलंबुरं ठरवायला माझ्याभोवती बसाल, तेव्हा त्या घरच्या माणसाला भिंतीशी बसवू नका.