मगरीचे कान

व्हर्जिलने मोंटानातलं घर विकलं ते बायकोच्या फुफ्फुसांपायी. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली, म्हणून मोटारघर घेतलं आणि लव्हॉनला घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात येऊन राहिला. पण घराबरोबर अंगणातला रेडिओचा उंच मनोराही गेला. तो बापाने उभारलेला. अलास्कात एकटा राहणारा धाकटा भाऊ एनॉक त्यावरून भडकला. बोलायचं असेल तर रेडिओवर बोल म्हणाला, आणि त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. त्या घराण्यात हट्ट कुणाला शिकवावा लागला नाही.

व्हर्जिलला भावाशी समेट करायचा होता, बाकी काही नको होतं. जेवणाच्या टेबलाच्या कडेला त्याने रेडिओचा संच बसवला, गाडीच्या मागच्या शिडीला अँटेना बांधली, फ्रिजच्या झरोक्यातून तार आत घेतली. शेजारी स्कॅनर लावला. त्यावर पोलीस, आगीचे बंब, जगाच्या कटकटी स्वच्छ ऐकू यायच्या. मोठ्या संचावर मात्र नुसती खरखर. त्याने फ्रिज, दिवे, पंप, छतावरची सौर पाटी असं एकेक बंद करून पाहिलं. लव्हॉनचं ऑक्सिजनचं यंत्र तेवढं राहिलं. ते बंद करता येतं, हे त्या दोघांच्या मनातही येत नसे.

जवळपासची माणसं त्या खरखरीतूनही ऐकू येत. एनॉकचा आवाज तर जन्मभर खणखणीत. तो बोलला असता तर ऐकू आलाच असता, असं व्हर्जिल धरून चालला. बोलत नाही म्हणजे रुसलाय.

रोज सकाळी रेडिओवर जुन्या मंडळींची हजेरी असे, त्या वेळी तो माईक धरायचा. आधी विनवण्या केल्या. मग चिडला. शेवटी शेवटी जिभेला हाड राहिलं नाही. "मेलास तरी मी यायचा नाही," एका सकाळी तो म्हणाला आणि माईक आपटला. लव्हॉन नाकातली नळी सावरत म्हणाली, "असं बोलू नये हो." तो कॉफी ओतत बसला.

पुढच्या आठवड्यात यंत्राची जाळी धुवायची म्हणून लव्हॉन छोटा सिलिंडर घेऊन बाहेर उन्हात बसली. यंत्र बंद झालं आणि संचातली खरखर झटकन थांबली. हजेरी चालू होती. कुठून कुठून बारीक आवाज येत होते. व्हर्जिलने माईक उचलून ऐकू येतंय म्हणून सांगितलं.

हजेरी घेणारा आयडाहोचा ग्रोव्हर म्हणाला, "व्हर्जिल? तुला ऐकू येतंय?"

"आत्ता येतंय. एनॉक आहे का?"

"अरे बाबा, तो रोज तुला उत्तर देत होता. आम्ही सगळे ऐकायचो. तुझा आवाज सगळीकडे पोचायचा. तो हसायचा, म्हणायचा, आमचा दादा मगर झालाय, तोंड मोठं आणि कान नाहीत. चूक माझीच होती, असंही रोज सांगायचा."

"मी बोललो ते शेवटचं..."

"तेही ऐकलं त्याने. म्हणाला, उद्या परत सांगतो त्याला. दुसऱ्या दिवशी आला नाही. गेला रे तो. तुझा फोन नंबर कुणाकडे नव्हता. आम्ही रोज इथे तुला सांगत होतो."

बंद यंत्राकडे बघताना व्हर्जिलला उमगलं. एनॉकचा आवाज खणखणीत नव्हताच कधी. बापाच्या मनोऱ्याचे कान तिखट होते, आणि ते त्याने विकले होते. आयुष्यभर रेडिओत मुरलेल्या माणसाला एवढं कळू नये. त्याला स्वतःची किळस आली.

दार उघडून लव्हॉन आत आली. सिलिंडर संपत आला होता, दोन पायऱ्यांनीच तिला धाप लागली होती. संचातून ग्रोव्हर त्याला हाका मारत होता.

"अगंबाई, किती स्वच्छ येतंय! काय बिघडलं होतं?"

"एक तार सैल होती."

"मग? लागला का एनॉक? राग गेला का त्याचा?"

"गेला," व्हर्जिल म्हणाला. त्याने ओली जाळी बसवली, नळी तिच्या नाकाशी नीट लावली आणि यंत्र सुरू केलं. खरखरीत ग्रोव्हरचा आवाज बुडाला.

"हे पुन्हा काय झालं?" लव्हॉनने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "तू श्वास घे."