मी यॉर्कचा नकाशा, मुक्काम मस्कत

मित्रांनो, ज्या शहराची मी खडान्‌खडा माहिती सांगतो, ते सोडून मला वीस वर्षं उलटून गेली. मी एक जुना नकाशा आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहराचा. परगावच्या माणसाने तिथे काय पाहावं, कुठून चालावं, कुठे बसावं हे सगळं माझ्या दोन्ही अंगांवर छापलेलं आहे. राहतो मात्र मी मस्कतला, जिथे यॉर्कच्या ऊझ नदीचं नावही कोणी ऐकलेलं नाही.

माझा जन्म एक्याण्णव सालचा. छापखान्यात चार रंगांतून निघालो तेव्हा मी काय देखणा होतो म्हणून सांगू! निळीशार नदी, शहराला वेढा घालणारी जुनी तटबंदी, मधोमध मिन्स्टर नावाचं अवाढव्य चर्च. शॅम्बल्स नावाची एक चिंचोळी गल्ली, एके काळी खाटकांची. तिथली घरं वरच्या मजल्यावर एकमेकांकडे इतकी झुकलेली की समोरासमोरच्या शेजारणींनी हात लांबवून वाटीभर साखर घ्यावी. आणि आगगाड्यांचं एक भलं मोठं संग्रहालय! मग यंत्राने माझ्या घड्या घातल्या आणि मी स्टेशनवरच्या दुकानात उभा राहिलो.

मला विकत घेतलं ते यॉर्कच्याच एका माणसाने. आपल्याच गावाचा नकाशा कोण घेतं? जो गाव सोडून लांब निघालेला असतो, तो. हे साहेब इंजिनिअर होते आणि मस्कतला नोकरीवर चालले होते. त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला दयानंद नावाचा गुहागरकडचा तरुण होता. साहेब रोज न्याहारीला मला टेबलावर पसरत आणि काट्याच्या टोकाने गल्ल्या दाखवत दयानंदला आपल्या गावाच्या गोष्टी सांगत. दयानंद ऑम्लेट उलटता उलटता ऐकायचा. एकदा गोष्टीच्या भरात साहेबांनी माझ्या खालच्या कोपऱ्यावर संत्र्याचा मुरांबा सांडला. घडी चिकटली ती चिकटलीच. त्या कोपऱ्यात शहराबाहेरचं नुसतं कुरण होतं, म्हणून कोणाचं काही अडलं नाही. पण पाठीमागच्या बाजूला तिथेच एक चौकट होती. काय किती वाजता उघडतं आणि किती वाजता बंद होतं, हे त्या चौकटीत छापलेलं होतं. साहेबांना ते तोंडपाठ होतं. दयानंदला त्या चौकटीचा पत्ताच नव्हता.

साहेब म्हातारे होऊन मायदेशी गेले, तेव्हा मी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत पडलो होतो. दयानंदने मला बाहेर काढलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि घरी नेलं. मित्रांनो, ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढे त्याच्यावर आलेलं संकट माझ्यामुळे आलं, याचं मला इतकं वाईट वाटलं.

त्याचं झालं असं. दयानंदला साहेबांच्याच कंपनीच्या ऑफिसात स्टोअरकीपरचं काम मिळालं. बायको विशाखा आणि मुलगी पूर्वा इकडे आल्या, मस्कतच्याच दार्सैत भागात कृष्णमंदिराजवळ दोन खोल्यांचा संसार मांडला. मंदिरातल्या आरतीनंतर चार माणसं बोलत उभी राहिली की दयानंद यॉर्कच्या गोष्टी सांगू लागायचा. गल्ल्या, पूल, दरवाजे, सगळं न अडखळता. ऐकणाऱ्यांनी आपापसात ठरवून टाकलं की हा गडी इंग्लंडला राहून आलेला आहे. आपण राहिलो असं दयानंद कधी म्हणाला नाही. पण नाही राहिलो, असंही कधी म्हणाला नाही. लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा तिथेच फांदीवर आरामात बसून राहिला.

दोन हजार सोळा साली तेलाचे भाव गडगडले. कंपनीने मस्कतचं ऑफिस आवरतं घेतलं. दयानंदला सांगण्यात आलं, "जुलैअखेरपर्यंत दुसरा अर्बाब, नवा मालक शोधा, आम्ही सोडल्याची एनओसी देऊ. नाहीतर दुक्मच्या साइटवर जा." दुक्म म्हणजे सहा-सात तासांवरचं माळरान, कॅम्पमध्ये राहणारी एकटी पुरुषमंडळी. तिकडे जायचं तर विशाखाला आणि दहावीत गेलेल्या पूर्वाला गावी पाठवावं लागणार होतं.

अशा वेळी हुसैनमियाँ धावून आले. हर्णैचा माणूस, मस्कतच्या रुवी भागात तिकिटं आणि कार्गोचं दुकान. दयानंदच्या यॉर्कच्या गोष्टी त्यांच्याही कानावर गेल्या होत्या. फिरायला जाणाऱ्यांसाठी त्यांना दुकानात नवं काउंटर काढायचं होतं.

"तिथं इंग्लंड बघितलेला माणूस पायजे," ते म्हणाले. "तुझ्याबिगर कोण हाय मला? पण आधी एक काम कर. भाच्याच्या लग्नाला आम्ही ब्रॅडफर्डला चाललोय. तुझ्या रशीदाभाभीला तीन दिवस यॉर्क बघायचंय. तिचा बाप बोटीवर खलाशी होता, त्यानं आणलेला बिस्किटाचा डबा आहे तिच्याकडं, त्यावर त्या शॅम्बल्स गल्लीचं चित्र आहे. लहानपणापासून सुया-दोरे ठेवते त्यात. आता गुडघे गेलेत बिचारीचे. तिला झेपेल असं तीन दिवसांचं लिहून दे. परत आलो की काउंटर तुझं, इन्शाल्ला!"

दयानंदने मला जमिनीवर पसरलं आणि दोन संध्याकाळी खपून बेत लिहून काढला. पूर्वा म्हणाली, "बाबा, जस्ट गूगल कर ना."

"गूगल राहिलाय का तिथे?" दयानंद म्हणाला.

पूर्वाने आईकडे पाहिलं. बाबाही तिथे राहिलेले नाहीत, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं.

आता तो बेत ऐका. सकाळी दहा ते एक थोडं फिरणं. एक ते चार हॉटेलवर विश्रांती, कारण तेव्हा दुकानं बंद असतात. साडेपाचला आगगाड्यांचं संग्रहालय. मग सातपासून शॅम्बल्समध्ये निवांत खरेदी, दुकानं दहापर्यंत उघडी. आणि शुक्रवारी सकाळी काही ठेवू नये, तिकडे सुट्टी असेल. वीस वर्षं मस्कतमध्ये काढलेल्या माणसाला दुपारी झोपणारं, रात्री जागणारं आणि शुक्रवारी सुट्टी घेणारं शहर तेवढंच ठाऊक! मी मनात टाहो फोडत होतो. अरे बाबा, माझा कोपरा उघड, सगळं त्यात लिहिलंय! पण नकाशाला तोंड कुठलं?

गुरुवारी रात्री साडेआठला फोन वाजला. तिकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. दयानंदने स्पीकर लावला.

"अरे, कसलं शहर हे!" हुसैनमियाँ करवादले. "दुपारभर हॉटेलात लोळलो, आता म्युझियमला आलो तर दारं बंद! टॅक्सीवाला म्हणतो, दुकानंपण मिटली. सूर्य डोक्यावर आणि गाव खलास! रशीदा बाकड्यावर बसलीय. तू तर म्हणालास, दहापर्यंत चालू असतं?"

दयानंदच्या तोंडचं पाणी पळालं. एक वाक्य बोलला असता तर निभावून गेलं असतं. 'आता नियम बदलले असतील.' बस्स. हुसैनमियाँनी विश्वास ठेवला असता, काउंटर मिळालं असतं, दुक्म टळलं असतं. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. विशाखाही त्याच्याकडे बघत होती. 

"हुसैनभाई," तो म्हणाला, "मी यॉर्कला कधी गेलेलोच नाही. इंग्लंडलाच गेलेलो नाही. साहेबांकडून ऐकलं आणि नकाशात वाचलं, तेवढंच. चूक माझी आहे."

 मग हुसैनमियाँचा आवाज आला, अगदी हळू. "मेल्या, मग आता मी म्हातारीला घेऊन जाऊ कुठं?"

"पाच मिनिटं द्या मला."

त्या पाच मिनिटांत माझा पुनर्जन्म झाला. "हा कोपरा का उघडत नाही?" विशाखाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मोदकपात्राखाली गॅस पेटवला. वाफेवर माझा कोपरा धरला, सुरीच्या बोथट बाजूने हलकेच घडी सोडवली. भाजलं, पण इतकी वर्षं कोंडलेला श्वास मोकळा झाला. पूर्वा वाकून वाचू लागली.

"बाबा! एव्हरीथिंग क्लोजेस ॲट फाइव्ह. सगळं पाचला बंद. आणि फ्रायडे ओपन आहे." मग तिने मोबाइलवर ताडून पाहिलं. "अजूनपण तसंच आहे. पण हे बघ, वॉल... भिंत अंधार होईपर्यंत ओपन. आणि नदीजवळची बाग पण लेटपर्यंत."

दयानंदने फोन लावला. "हुसैनभाई, भाभींना विचारा, गुडघे कसे आहेत?"

"आत्ता बरे आहेत रे, दुपारभर पडलेच होते," मागून रशीदाभाभीच म्हणाल्या.

"मग तटबंदीवर चढू नका, पायऱ्या आहेत. टॅक्सीने गल्लीपाशी उतरा. दुकानं बंद असतील, पण गल्ली तर उघडीच आहे. तिथून फोन करा."

मग दयानंद माझ्यावर बोट ठेवून बसला आणि हुसैनमियाँ तिकडे चालू लागले. "समोर काय दिसतं? डावीकडे वळा. बाकडं आहे का? भाभींना बसवा. आता कसं वाटतं?" दोनशे पावलं तिकडे, दोन इंच माझ्यावर. गल्लीत पोचल्यावर रशीदाभाभींनी फोन आपल्या हातात घेतला.

"दयानंदभाई," रशीदाभाभी एकदम म्हणाल्या, "कोण नाही इथं. दिवसा गर्दीत मला कोणी उभं राहू दिलं नसतं. मी आपली मधोमध उभी आहे. माझ्या डब्यावर आहे ना, अगदी तस्सं." आणि त्या रडायला लागल्या. त्यानंतर दोघं रमतगमत मिन्स्टरवरून नदीकाठच्या बागेत गेली, पडक्या मठाच्या कमानींखाली हिरवळीवर बसली आणि बरोबर आणलेली खजुरं खाल्ली.

शुक्रवारी सकाळी दहाला दोघं आगगाड्यांपाशी हजर होती. दुपारी उघड्या दुकानांतून खरेदी. शनिवारी मिन्स्टरचं आतलं दर्शन आणि नदीत बोटीची फेरी, जिथे गुडघ्यांना काही कामच नव्हतं. तिन्ही दिवस दयानंद फोनवर होता. काउंटरचा विषय मात्र हुसैनमियाँनी एकदाही काढला नाही.

पुढचे नऊ दिवस फोनच आला नाही. दयानंदने दुक्मचा कागद टेबलावर काढून ठेवला. विशाखाने शाळेतून दाखल्याचा फॉर्म आणला. पूर्वा अर्ध्या ताटावरून उठू लागली. मी कपाटावर पडून स्वतःला बोल लावत होतो. जुलै संपायला चार दिवस उरले होते.

आणि एका संध्याकाळी जिन्यावर थांबत थांबत येणारी पावलं ऐकू आली. दुसऱ्या मजल्यापर्यंत रशीदाभाभी स्वतः चढून आल्या होत्या, मागे हुसैनमियाँ. दयानंद पुढे होऊन माफी मागायला लागला.

"ते राहू दे," हुसैनमियाँ खुर्चीत टेकले. "मला काउंटरला इंग्लंड बघितलेला माणूस पायजे होता. तू तो नाहीस. मला राग आला होता. अजून थोडा आहे."

दयानंदने मान खाली घातली.

"पण ही ऐकत नाही," ते बायकोकडे बोट दाखवून म्हणाले.

"मी काय चुकीचं बोलले?" रशीदाभाभी म्हणाल्या. "भाच्याच्या घरचे यॉर्क शंभरदा बघितलेले. एकानं तरी विचारलं, मामी, तुमचे गुडघे कसे आहेत? यानं हजारो मैलांवरून दर वळणावर विचारलं. असा माणूस दुसऱ्या दुकानात गेला तर तुम्ही काय करणार?"

"ऐकलंस?" हुसैनमियाँ म्हणाले. "उद्या एनओसी घेऊन ये. यल्ला, चला, आता चहा टाका कोणीतरी. पण एक सांगून ठेवतो. गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य खरं सांगायचं."

मित्रांनो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पूर्वाने दाखल्याचा फॉर्म टराटरा फाडला, तशी विशाखा तिला ओरडली आणि ओरडता ओरडता स्वतःच हसायला लागली. दयानंद स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायच्या निमित्ताने खूप वेळ पाठ करून उभा राहिला. आणि मी? चुकीच्या घडीत पडलो होतो, पाठीला कळ लागली होती, तरी त्या दिवशी मला काही म्हणजे काही दुखलं नाही.

आता मी रुवीच्या दुकानात, काउंटरच्या काचेखाली असतो. माझा रंग उडालाय, घड्यांवर चिकटपट्ट्या आहेत. यॉर्कहून परतलेलं गिऱ्हाईक काही नवं सांगतं, तेव्हा दयानंद काच उचलून पेन्सिलीने माझ्यावर नोंद करतो. मला गुदगुल्या होतात. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. आम्हा जुन्या नकाशांना फेकू नका, ओढून उघडू नका, आणि आमच्या शब्दावर डोळे मिटून निघूही नका. आधी आमची चूक सुधारा. तीच आमची खरी देखभाल.

परवा एक तरुण ओमानी जोडपं आलं. त्यांना इंग्लंडला जायचं होतं. दयानंदने खुर्च्या पुढे केल्या, पाणी दिलं आणि हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले.

"मी तिथे कधी गेलेलो नाही," तो इथे पुष्कळांना कळणाऱ्या हिंदीत म्हणाला. "आता सांगा, तुमच्याबरोबर कोण कोण येणार आहे? कोणाला चालायला त्रास होतो का?"

ते जोडपं उठून जाईल असं मला वाटलं होतं. बाईंनी खुर्ची काउंटरजवळ ओढली आणि आपल्या सासूबाईंबद्दल सांगायला सुरुवात केली.