आरोपीची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. हातांची, जड लाकडाची, मागचा एक पाय ढिला झालेली. ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, नाहीतर तुम्ही माझे मित्र कसले? मित्र काय असे मागच्या दोन पायांवर झुलतात? मित्र काय कर्कटकाने पाठीवर बदाम कोरतात? बसणाऱ्या जातीवर माझा जुना राग आहे. तो का, ते ऐकल्याशिवाय आज कुणी उठायचं नाही.

मला घडवलं एका सुताराने. भारी तोंडाळ माणूस. रंधा मारताना त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालायचा. गिऱ्हाइकाला शिव्या, मेहुण्याला शिव्या, लाकडाला तर सकाळ-संध्याकाळ. पण हात असा, की सांध्यात केस शिरणार नाही. मला पॉलिश करताना म्हणाला, “वाचनालयात चाललीस ना? फुकट्यांचं ओझं वाहायला लागणार बघ तुला.” मला वाटलं, याला कुणाचं चांगलं म्हणून बघवत नाही. पण मेल्याची जीभ काळी निघाली.

सार्वजनिक वाचनालयात मला वर्तमानपत्रांच्या दालनात ठेवलं. पहिले काही महिने काय ते कौतुक! “वा, काय खुर्ची आहे, पाठ कशी ताठ राहते!” मग कौतुक सरलं आणि माणसं उरली. निवृत्त मंडळी सकाळी दार उघडायच्या आत पायरीवर हजर. एक पेपर वाचायला हातात, दोन मांडीखाली दाबलेले, आणि कुणी मागितला की हे बहिरे. मांडीखालचे ते पेपर माझ्या अंगावर घामाने चिकटायचे. त्यातलाच एक लठ्ठ गृहस्थ रोज अग्रलेख संपेपर्यंत झुलायचा. झुलून झुलून माझा पाय ढिला केला त्याने. एक पाचर ठोकली असती तर काम झालं असतं. पण नाही. आधी पायाखाली घडी केलेला कागद सारला, आणि मग जिन्याखाली, केरसुण्या आणि फिनेलच्या डब्यांशेजारी माझी रवानगी झाली. गरज सरो नि वैद्य मरो!

तिथून मला काढलं ते ताईंनी. ताई म्हणजे वाचनालयातल्या किशोर विभागाच्या बाई. हा विभाग त्यांनी मागून मागून मिळवला होता. पोरं तेरा-चौदाची झाली की बालविभागाच्या बुटक्या बाकांत त्यांचे गुडघे मावत नाहीत, आणि मोठ्यांच्या दालनात त्यांनी पाऊल टाकलं की चष्म्यावरून दहा डोळे वटारले जातात. ती जाणार कुठे? कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांनी कुरकुरत वरच्या मजल्यावरची, पाण्याच्या टाकीशेजारची एक खोली दिली. सामान दिलं नाही. ताईंनी जिन्याखालचं मोडकं-तोडकं एकेक करत वर ओढून नेलं. मलाही नेलं, दर पायरीवर आपटत.

सुरुवातीला ताईंनी तिथे काय काय करून पाहिलं. हस्ताक्षराच्या स्पर्धा घेतल्या, व्यक्तिमत्त्व घडवणारे पाहुणे आणले. ज्यांना आयांनी ढकललं तेवढीच पोरं आली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मग एका शनिवारी एक मुलगी तरातरा आत आली आणि हातातलं पुस्तक माझ्यावर आपटून म्हणाली, “ताई, हे असलं पुस्तक लिहिणाऱ्याला फाशी दिली पाहिजे!”

या मुलीला सगळे तोफ म्हणायचे. आवाजच तसा होता.

ताई शांतपणे म्हणाल्या, “फाशीचं मग बघू. आधी खटला चालव.”

झालं! त्या दिवसापासून दर शनिवारी त्या खोलीत पुस्तकांवर खटले चालायला लागले, आणि मी झाले आरोपीची खुर्ची. ज्या पुस्तकावर खटला ते माझ्यावर उभं करायचं. एकाने फिर्याद करायची, एकाने बचाव, एकाने न्यायाधीश व्हायचं. नियम कडक होते. शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय फिर्याद करता येणार नाही. समोरच्याचं वाक्य कुणी मध्येच तोडायचं नाही. पुस्तक निर्दोष ठरलं तर दर्शनी कपाटात मानाने राहील. दोषी ठरलं तर दारामागच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून, एक महिना. शिक्षा मोडली, पुस्तक मधेच कुणी हलवलं, तर तो खटलाच रद्द.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ भांडणं ऐकली, पण या कार्ट्यांइतकं मन लावून भांडताना कुणाला पाहिलं नाही. “ही नायिका रडण्याशिवाय दुसरं काही करते का?” “तुझा भाऊ मेला असता तर तू काय नाचली असतीस का?” तोंडाला तोंड, पुराव्याला पुरावा, पानाला पान. ज्या पोरांच्या आया म्हणायच्या की हा पुस्तकाला हात लावत नाही, ती पोरं दुसऱ्याला उताणं पाडायचं म्हणून आख्खी कादंबरी दोनदा वाचून यायची. माझ्या पायात मात्र तेव्हाही कुणी पाचर ठोकली नाही, हे इथे नमूद करते.

आता त्या अध्यक्षांकडे वळते. अध्यक्ष म्हणजे नियमाचा माणूस. वाचनालयाच्या भिंतींवर ज्या पाट्या आहेत, त्या सगळ्या त्यांनीच लावलेल्या. सभेत कुणी विषयाबाहेर बोललं की टेबलावर पेनाने टकटक करायचे. आणि नेमकी त्यांची नात म्हणजे आमची तोफ. तिचे आईबाप कामासाठी दूर होते, म्हणून ती आजोबांकडे राहायची. घरात आजोबा बोलायचे आणि नात ऐकायची. सगळी वाफ मग शनिवारी आमच्या खोलीत निघायची.

एका शनिवारी तिचा आवाज खालच्या दालनापर्यंत गेला. मांडीखाली पेपर दाबणाऱ्यांनी तक्रार केली. त्यातच आजोबांना घरी तिच्या दप्तरात एक कादंबरी सापडली होती. त्या कादंबरीतली मुलगी एक दिवस पिशवी भरते आणि घरातून निघून जाते. कुणाला काही न सांगता. तीच कादंबरी पुढच्या शनिवारी माझ्यावर उभी होती. खटला सुरू होणार, इतक्यात अध्यक्ष जिना चढून धापा टाकत आत आले, त्यांनी पुस्तक उचललं आणि धपकन माझ्यावर बसले.

खोलीत हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. माझा ढिला पाय करकरला. खरं सांगते, या माणसाला पाडावं असं मनात आलं होतं. ज्याच्या राज्यात मी जिन्याखाली सडले तो माणूस! पण तो पडला असता तर त्याच क्षणी खोलीला कुलूप लागलं असतं आणि मी पुन्हा फिनेलशेजारी. मी दात-ओठ खाऊन पाय घट्ट धरला.

“हे पुस्तक टाकाऊ आहे,” अध्यक्ष म्हणाले. “पोरांना बिघडवण्याचा धंदा मांडलाय इथे. येत्या सभेत खोली बंद करण्याचा ठराव आणतो.”

तोफ उठून उभी राहिली. “आजोबा, तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत?”

“चाळलंय. शितावरून भाताची परीक्षा होते.”

“भात शिजला की नाही ते शितावरून कळतं. जेवणारा उपाशी उठला की पोट भरून, ते नाही कळत. न वाचता फिर्याद करायची नाही, हा इथला नियम आहे.”

दुसरं काही म्हणाली असती तर आजोबांनी तिला हाताला धरून घरी नेलं असतं. पण ‘नियम’ म्हणाली ती. त्यांनी खोलीतल्या पोरांकडे पाहिलं. पोरं त्यांच्याकडे बघत होती.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “वाचतो. पुढच्या शनिवारी मी फिर्यादी. या पुस्तकाची सालटी काढतो. दोषी ठरलं की खोली बंद.”

“आणि निर्दोष ठरलं तर चालू. बचाव मी करणार,” तोफ म्हणाली.

“पण निवाडा या पोरांचा नको. ताई करतील.” अध्यक्ष ताईंकडे वळले. “तुम्हाला खरं बोलता येतं ना? बघू, नोकरी धोक्यात असताना येतं का.”

उचलली जीभ नि लावली टाळ्याला! त्या कार्टीने एका वाक्यात अख्खी खोली पणाला लावली. ते गेल्यावर ताई माझ्या हातावर टेकल्या आणि म्हणाल्या, “अगं, मला विचारायचं तरी!” तोफेने मान खाली घातली. तो आठवडा कसा गेला, माझं मला माहीत.

पुढच्या शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तक माझ्यावर उभं. अध्यक्ष उभे राहिले. पानापानातून कागदाचे कपटे बाहेर डोकावत होते. म्हणजे बुवांनी खरंच वाचलं होतं.

“ही मुलगी घर सोडते, यावर माझं काही म्हणणं नाही,” त्यांनी सुरुवात केली, आणि पोरं चकित झाली. त्यांची सगळी तयारी त्याच मुद्द्यावर होती. “माझी फिर्याद वेगळी आहे. या पुस्तकात तिची आई बोलते, मैत्रीण बोलते, दूधवालासुद्धा बोलतो. पण तिच्या बापाला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लेखकाने एक वाक्य दिलेलं नाही. एकही नाही. मी दोनदा तपासलं. मुलगी गेल्यावर तो माणूस दारात उभा आहे, एवढंच लिहिलंय. त्याला काय वाटलं? त्याचं म्हणणं काय? ज्याला तोंडच दिलं नाही त्याला वाईट ठरवून मोकळं व्हायचं, हा अन्याय आहे. पुस्तक दोषी आहे.”

बचावासाठी तोफ उभी राहिली, पानं उलटली, पुन्हा उलटली. फिर्याद खरी होती. बापाला खरंच एक वाक्य नव्हतं. असा मुद्दा इतक्या शनिवारांत कुणाला सुचला नव्हता, आणि सुचला तो नेमका या म्हाताऱ्याला!

“बोल ना आता,” आजोबा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “तूही जाणार आहेस का अशीच?”

हे विषयाबाहेर होतं. पण टकटक करायला कुणी नव्हतं.

“जायचं मनात येतं,” तोफ म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. “त्या बापाला लेखकाने तोंड दिलं नाही हे खरं आहे, आजोबा. पण घरात मला कोण देतं? मी ‘मला वाटतं’ एवढं म्हणते आणि तुम्ही ‘तुला काय कळतं’ म्हणता. ताटावर, दारात, फोनवर, कुठेच माझं वाक्य पुरं होत नाही. या एका खोलीत होतं. इथे नियम आहे म्हणून होतं. आणि तुम्ही ही...”

ती थांबली. सवयीने थांबली. आता आजोबा वाक्य तोडणार म्हणून तिने आपणच तोडलं.

आजोबांचं तोंड उघडलं होतं. मी समोरच होते, मला दिसलं. त्यांनी ते मिटलं. टाकीत पाणी पडत होतं त्याचा आवाज येत होता.

“पुढे?” ते म्हणाले. “झालं नाही तुझं. बोल.”

आणि आमच्या तोफेला पुढचं वाक्यच येईना! आजोबांसमोर पुढचं वाक्य तयार ठेवायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती. ती ओठ चावत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी यायला लागलं. मग अडखळत, शब्द शोधत तिने बोलायला सुरुवात केली. पुस्तकाविषयी नव्हे. काय बोलली ते मी सांगणार नाही. ते आजोबांना सांगितलेलं होतं, तुम्हाला नाही. आजोबा शेवटपर्यंत उभ्याने ऐकत राहिले.

तिचं झाल्यावर सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई उठल्या.

“बचावात फिर्यादीला उत्तर मिळालं नाही,” त्या म्हणाल्या. “बापाला बोलू दिलेलं नाही, हे खरं आहे. पुस्तक दोषी.”

“ताई!” पोरं ओरडली. “अहो ताई, खोली!”

“खरं ते खरं,” ताई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

अध्यक्ष माझ्याजवळ आले. पुस्तक उचललं, दारामागच्या फळीकडे गेले आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. अगदी नियमाप्रमाणे. मग खिशातून कुलूप काढलं. हो, बरोबर घेऊनच आले होते! दाराशी जाऊन त्यांनी कडीला हात लावला आणि ते थांबले.

“शिक्षा किती दिवसांची म्हणालात?”

“एक महिना,” कुणीतरी रडवेल्या आवाजात सांगितलं.

“आणि महिन्यात पुस्तक हललं तर?”

“खटला रद्द.”

“खोली बंद केली की सामान हलवावं लागणार. म्हणजे खटला रद्द. म्हणजे मी जिंकलोच नाही.” त्यांनी कुलूप पुन्हा खिशात घातलं. “शिक्षा संपेपर्यंत खोली उघडी राहील. नियम म्हणजे नियम. आणि खिडक्या लावून भांडत जा, खाली आवाज येतो.”

ते जिना उतरून गेले. हसले नाहीत, कुणाच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. आजही येतात आणि आजही आल्या आल्या कशावर ना कशावर खेकसतात. घरी नात आता अख्खी वाक्यं बोलते, आणि दोघांची कडाक्याची भांडणं होतात, असं तीच सांगते.

पोरं मात्र त्या दिवशी शहाणी झाली. तो महिना संपायच्या आत त्यांनी आणखी एक पुस्तक दोषी ठरवून फळीवर पाठवलं. ते सुटायच्या आत तिसरं. दारामागे कुणी ना कुणी शिक्षा भोगत असतंच, आणि तोवर अध्यक्षांना दाराला हात लावता येत नाही.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या गावात अशी एखादी खोली असेल तर तिची काळजी घ्या. झाडून घ्या, खुर्च्यांना पाचरी ठोका, हे तर कराच. पण वाचून या आणि कडाडून भांडा. ‘छान होतं’, ‘आवडलं’ असलं गुळमुळीत बोलायचं असेल तर माझ्या वाटेला जाऊ नका. ज्या शनिवारी सगळीच पुस्तकं निर्दोष सुटतील, त्या शनिवारी ही खोली बंद होईल.